चित्राचा अधिकार : क्वांटम सर्किटच्या दृश्य साधनांवरील आक्षेपांचा प्रतिवाद

क्वांटम सर्किट कागदावर मांडण्याची जी पद्धत आज जगभर रुळली आहे, ती मुळातच चित्रांची पद्धत आहे. आडवी रेषा म्हणजे एक क्यूबिट. रेषेवरचा चौकोन म्हणजे त्या क्यूबिटवर होणारी क्रिया, म्हणजेच गेट. दोन रेषांना जोडणारा उभा दांडा म्हणजे दोन क्यूबिटांवर मिळून होणारी क्रिया. काळ डावीकडून उजवीकडे सरकतो. डेव्हिड डॉइच यांनी १९८९ मध्ये क्वांटम गणनेच्या जाळ्यांचा सिद्धान्त मांडला आणि १९९५ मध्ये आद्रियानो बारेंको व त्यांच्या आठ सहलेखकांच्या निबंधाने प्राथमिक गेटांतून मोठी गेटे कशी घडवायची हे दाखवले. तेव्हापासून या विषयावरची बहुतेक पुस्तके आणि शोधनिबंध याच रेखाटनांच्या भाषेत बोलतात.

या मूळ पद्धतीच्या जोडीला इतर दृश्य साधनेही आली आहेत. एका क्यूबिटची अवस्था दाखवणारा ब्लॉख गोल आहे. अनेक क्यूबिटांच्या शक्यता शेजारी शेजारी मांडणारे स्तंभालेख आहेत. ब्राउझरमध्ये गेट उचलून रेषेवर ठेवताच परिणाम दाखवणारे, क्रेग गिडनी यांनी घडवलेले ‘क्वर्क’ आहे. आयबीएमने मे २०१६ मध्ये पाच क्यूबिटांचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना खुले केले, तेव्हा सर्किट रचण्याचा दृश्य पटही त्याबरोबर दिला. आणि बॉब कूक व रॉस डंकन यांनी २००८ मध्ये मांडलेले झेडएक्स कॅल्क्युलस आहे, ज्यात रंगीत ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्यावरच सगळी गणना होते.

या साधनांविरुद्धचे एक मत अभ्यासक आणि अध्यापक यांच्यात मूळ धरून आहे. त्याचा सूर असा : क्वांटम संगणन म्हणजे रेषीय बीजगणित, ज्याला ते झेपते त्याला चित्रांची गरज नाही आणि ज्याला झेपत नाही त्याने चित्रे पाहून विषय समजल्याचा भास करून घेऊ नये. या मताच्या पाठीशी तीन आक्षेप असतात. पहिला, क्वांटम जगाचे चित्र काढताच येत नाही. दुसरा, क्यूबिट वाढले की चित्र कोलमडते. तिसरा, चित्रांमुळे खोटी समज तयार होते आणि खरे काम करण्याची वेळ आली की ती उपयोगी पडत नाही. प्रत्येक आक्षेपात काही तथ्य आहे. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण सगळी चित्रे एकाच जातीची आहेत असे तो गृहीत धरतो. चित्राला काटेकोर नियम असले की ते गणितच असते. नियम नसले की ती सजावट असते. खरी सीमारेषा या दोहोंच्या मध्ये आहे आणि ती ओळखायला शिकवणे हे अध्यापनाचे काम आहे.

निसर्गाचे चित्र आणि गणनेचे चित्र

पहिल्या आक्षेपाला मोठी परंपरा आहे. १९२५ मध्ये हायझेनबर्ग यांनी क्वांटम यांत्रिकी उभी केली ती इलेक्ट्रॉनच्या कक्षेचे चित्र जाणीवपूर्वक टाकून. पॉल डिरॅक यांनी १९३० च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत अशी भूमिका घेतली की निसर्गाचे मूलभूत नियम ज्या पातळीवर चालतात, तिचे मनातले चित्र उभे करू गेल्यास त्यात गैरलागू गोष्टी मिसळल्याशिवाय राहत नाहीत. आक्षेप घेणाऱ्यांना ही भूमिका निर्णायक वाटते.

मात्र डिरॅक यांचा इशारा एका विशिष्ट प्रकारच्या चित्राबद्दल आहे : अणूच्या आत काय घडते याचे, रोजच्या जगातल्या वस्तूंच्या नमुन्यावर बेतलेले चित्र. सर्किटचे रेखाटन तसा दावा करतच नाही. ते कोणत्या क्रिया कोणत्या क्रमाने कोणावर होतात एवढेच सांगते. सूत्रही हेच सांगते, फक्त एका ओळीत. स्वतः डिरॅक यांनी १९३९ मध्ये ब्रा आणि केट ही चिन्हे रूढ केली. कोनदार कंसाच्या आकारावरूनच अवस्था कुठे आहे आणि गुणाकार कुठे पूर्ण होतो हे डोळ्यांना कळावे, हाच त्या चिन्हांचा गुण आहे. आपला विचार बऱ्याच अंशी भूमितीच्या अंगाने चालतो, निबंधात मात्र तो बीजगणिताच्या रूपात उतरतो, हेही त्यांनी पुढे सांगितले.

या वादाचा निकाल एकदा इतिहासात लागलाही आहे. १९४८ च्या वसंतात अमेरिकेतील पोकोनो येथे रिचर्ड फाइनमन यांनी आपल्या आकृत्या भौतिकशास्त्रज्ञांपुढे ठेवल्या. नील्स बोर यांनी त्यांना हरकत घेतली. त्या रेषांत त्यांना कणांचे मार्ग दिसले, आणि अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार इलेक्ट्रॉनला तसा निश्चित मार्ग असू शकत नाही. आक्षेप तत्त्वतः बरोबर होता, पण आकृत्यांना तो लागू नव्हता. पुढच्याच वर्षी फ्रीमन डायसन यांनी दाखवून दिले की फाइनमन यांच्या आकृत्या आणि श्विंगर व तोमोनागा यांचे सूत्रबद्ध गणित हे एकच आहे. प्रत्येक रेषेला आणि प्रत्येक सांध्याला एक ठरलेली राशी जोडलेली आहे. आकृती काढणे म्हणजे बेरजेतले एक पद लिहिणे. त्यानंतर त्या आकृत्या कणभौतिकीचे रोजचे हत्यार बनल्या. कणांच्या मार्गाचे चित्र म्हणून त्या टिकल्या नाहीत, गणनेचे चित्र म्हणून टिकल्या. क्वांटम सर्किटच्या दृश्य साधनांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

ब्लॉख गोल : पुरेसा कुठे, अपुरा कुठे

कसोटी लावायचीच तर आधी सदोष वापराचे उदाहरण घ्यावे. एका क्यूबिटच्या अवस्थेत ‘शून्य’ आणि ‘एक’ या दोन्ही शक्यतांना एकेक संमिश्र संख्या जोडलेली असते. तिला आयाम म्हणतात. आयामाच्या मानाचा वर्ग म्हणजे ती शक्यता मापनात मिळण्याची संभाव्यता, आणि त्याची दिशा म्हणजे फेज. एकूण संभाव्यता एक असली पाहिजे आणि दोहोंना समान असलेल्या फेजला भौतिक अर्थ नसतो, म्हणून अवस्था ठरवायला फक्त दोन संख्या उरतात. गोलाच्या पृष्ठभागावरचा बिंदूही अक्षांश आणि रेखांश अशा दोनच संख्यांनी ठरतो. त्यामुळे प्रत्येक शुद्ध अवस्थेला गोलावर एक बिंदू आणि प्रत्येक बिंदूला एक अवस्था अशी नेमकी जोडी लागते. आँरी प्वांकारे यांनी प्रकाशाच्या ध्रुवीकरणासाठी १८९२ मध्ये असाच गोल वापरला होता. फेलिक्स ब्लॉख यांचे १९४६ चे काम अणुकेंद्राच्या चुंबकत्वाविषयीचे होते. फाइनमन, व्हर्नन आणि हेलवर्थ यांनी १९५७ मध्ये दाखवले की दोन पातळ्यांच्या कोणत्याही क्वांटम प्रणालीला हेच चित्र लागू पडते.

एका क्यूबिटपुरते हे चित्र पूर्ण आहे. प्रत्येक गेट म्हणजे गोलाचे एक फिरणे. झेड गेट म्हणजे उभ्या अक्षाभोवती अर्धा फेरा. हॅडामार्ड गेट म्हणजे उभा अक्ष आणि एक्स अक्ष यांच्या बरोबर मधल्या अक्षाभोवती अर्धा फेरा; म्हणूनच ते दोनदा लावले की अवस्था मूळ जागी परत येते. हे सिद्ध करायला मॅट्रिक्सचा गुणाकार करावा लागत नाही, आणि चित्रावरून काढलेले उत्तर चुकतही नाही.

अडचण दुसऱ्या क्यूबिटपासून सुरू होते. दोन क्यूबिटांची अवस्था ठरवायला सहा संख्या लागतात; शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन गोलांच्या पृष्ठभागांवर चारच मावतात. दहा क्यूबिटांना २,०४६ संख्या लागतात आणि दहा गोलांवर वीस मावतात. प्रत्यक्ष सर्किटमध्ये याचा परिणाम असा होतो. दोन्ही क्यूबिट ‘शून्य’ अवस्थेत घ्यावेत. पहिल्यावर हॅडामार्ड गेट लावावे; त्याचा बाण उत्तर ध्रुवावरून विषुववृत्तावर येतो. मग पहिला नियंत्रक आणि दुसरा लक्ष्य असे सीनॉट गेट लावावे; नियंत्रक ‘एक’ असेल तेव्हाच ते लक्ष्य उलटवते. आता दोन्ही क्यूबिट एकमेकांत गुंततात, आणि दोन्ही गोलांतले बाण आक्रसून केंद्रबिंदूत नाहीसे होतात. यापुढे पहिल्या क्यूबिटवर झेड गेट लावले तर अवस्था बदलते, पण चित्र बदलत नाही. ‘शून्य’ आणि ‘एक’ यांची अदलाबदल करणारे एक्स गेट लावले तरी नाही. अशा चार गुंतलेल्या अवस्था आहेत; त्यांना बेल अवस्था म्हणतात. योग्य मापनाने त्या एकमेकींपासून शंभर टक्के वेगळ्या ओळखता येतात, आणि तरी चौघींचे ब्लॉख चित्र एकच : दोन रिकामे गोल. चार्ल्स बेनेट आणि स्टीफन वीस्नर यांनी १९९२ मध्ये एकच क्यूबिट पाठवून दोन बिट पोहोचवण्याची युक्ती मांडली, तिचा सारा आधार या चार अवस्थांमधला फरक हाच आहे. म्हणजे जी गोष्ट सर्वांत मोलाची, नेमकी तीच या चित्रात दिसत नाही.

आक्षेप घेणारे इथेच थांबतात आणि चित्र फसवते असा निष्कर्ष काढतात. पण फसवणूक चित्राची नाही. एका क्यूबिटसाठी सिद्ध झालेली जोडी दोन क्यूबिटांना न तपासता लावली, ही चूक आहे. सूत्रांतही अशी चूक होते : जे सूत्र ज्या अटीवर खरे आहे ती अट सोडली की उत्तर चुकते, आणि म्हणून कोणी सूत्रे शिकवणे बंद करत नाही. शिवाय नीट वाचले तर आक्रसलेला बाणही काही सांगतो. बाणाची लांबी एकपेक्षा कमी झाली की या क्यूबिटची माहिती त्याच्या एकट्याकडे उरलेली नाही, ती इतरांशी असलेल्या संबंधात गेली आहे, हे कळते. ब्लॉख गोल शिकवताना त्याच तासाला हे सांगितले गेले पाहिजे. ते न सांगणे हा अध्यापनाचा दोष आहे.

कोणते स्तंभ काढायचे

स्तंभालेखाबाबतही असेच आहे. नवख्याला सहसा संभाव्यतांचा आलेख दाखवतात, कारण यंत्रावर सर्किट अनेकदा चालवल्यावर हाती तोच येतो. पण सर्किटच्या आत काय चालले आहे हे समजण्यासाठी तो जवळजवळ निरुपयोगी आहे. लव्ह ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेली शोधपद्धती चार शक्यतांवर चालवून पाहावी. सुरुवातीला चारही आयाम अर्धा, म्हणून प्रत्येक संभाव्यता २५ टक्के. आता शोधायच्या शक्यतेवर खूण करणारी क्रिया होते. ती फक्त त्या एका आयामाचे चिन्ह उलटवते, अर्ध्याचा उणे अर्धा करते. वर्गात उणे चिन्ह नाहीसे होते, म्हणून संभाव्यतांचा आलेख जसाच्या तसा राहतो : चार सारखे स्तंभ. विद्यार्थ्याला वाटते, काहीच झाले नाही.

आयामांचा आलेख काढला की तीन स्तंभ रेषेच्या वर आणि एक खाली दिसतो. चौघांची सरासरी पाव. ग्रोव्हर यांची पुढची पायरी म्हणजे प्रत्येक स्तंभाचे या सरासरीच्या पातळीभोवती प्रतिबिंब घेणे. अर्ध्यावरचे तीन स्तंभ पावाच्या पलीकडे पाव अंतर जाऊन शून्यावर येतात. उणे अर्ध्यावरचा स्तंभ पावापासून पाऊण अंतरावर होता. तो पलीकडे तितकाच जाऊन थेट एकवर पोहोचतो. एका फेरीत उत्तर निश्चित. हे स्पष्टीकरण चित्राचे आहे आणि त्यातली प्रत्येक पायरी सिद्धताही आहे; तिच्यात कुठेही ‘साधारणपणे’ किंवा ‘जणू काही’ नाही. दोन्ही स्तंभालेख दिसायला एकाच जातीचे, पण एक फेज टाकून देतो आणि दुसरा ती राखतो. आयाम संमिश्र असतील तर प्रत्येक शक्यतेसाठी एक वर्तुळ काढून त्यातल्या भरावाने मान आणि काट्याने फेज दाखवण्याची पद्धत आहे. तिच्यात बेल अवस्थांमधला फरकही स्वच्छ दिसतो. चित्र वापरावे की नाही हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो; कोणते वापरावे, हा प्रश्न खरा आहे.

संख्या वाढली की कोण कोलमडते

दुसरा आक्षेप असा की क्यूबिट वाढले की दृश्य साधने हात टेकतात. ज्या चित्रांत प्रत्येक शक्यतेला स्वतंत्र स्तंभ किंवा वर्तुळ लागते, त्यांच्याबद्दल हे खरे आहे. ‘क्वर्क’ सोळा क्यूबिटांवर थांबते. तेवढ्यातच ६५,५३६ आयाम होतात. पण मॅट्रिक्सचे काय? दहा क्यूबिटांवरच्या क्रियेचे मॅट्रिक्स १,०२४ ओळी आणि तितक्याच स्तंभांचे असते; त्यात १०,४८,५७६ नोंदी येतात. तीस क्यूबिटांच्या एका अवस्थेचे आयाम संगणकात नेहमीच्या अचूकतेने साठवायला १६ जीबीहून अधिक स्मृती लागते. घातांकी वाढीपुढे बीजगणिताची लिखित रूपेच आधी कोलमडतात. सर्किटचे रेखाटन मात्र गेटांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते. शंभर क्यूबिट आणि हजार गेट कागदावर काढता येतात. त्याच क्रियेचे मॅट्रिक्स जगातल्या कोणत्याही संगणकात मावणार नाही. मोठ्या सर्किटबद्दल माणसाला जो काही विचार करता येतो, तो चित्राच्या आधारानेच करता येतो.

याहून खोल मुद्दा असा की चित्र काही समीकरणे अनावश्यक करून टाकते. पहिल्या क्यूबिटवर एक गेट आणि मग दुसरे, दुसऱ्या क्यूबिटवर तिसरे आणि मग चौथे, अशी रचना सूत्रात दोन तऱ्हांनी लिहिता येते : आधी टेन्सर गुणाकार आणि मग साधा गुणाकार, किंवा आधी साधा आणि मग टेन्सर. दोन्ही समान आहेत हा नियम सिद्ध करावा लागतो आणि लक्षात ठेवावा लागतो. चित्रात दोन्ही बाजूंचे रेखाटन एकच येते. सिद्ध करायला काही उरतच नाही. महाराष्ट्रातला विज्ञान शाखेचा विद्यार्थी अकरावी-बारावीत संमिश्र संख्या आणि मॅट्रिक्स शिकतो, पण टेन्सर गुणाकार त्या अभ्यासक्रमात नसतो. नेमकी हीच पायरी, रेषा शेजारी शेजारी काढून, चित्र त्याला चढू देते.

चित्रांचे कॅल्क्युलस

सर्किटच्या रूढ रेखाटनातही एक दोष आहे आणि तो दूर केला तो दुसऱ्या चित्रानेच. सीनॉट गेटच्या चिन्हात नियंत्रक रेषेवर काळा ठिपका आणि लक्ष्य रेषेवर वर्तुळातली अधिकची खूण असते. पाहणाऱ्याला वाटते, नियंत्रक हुकूम देतो आणि स्वतः तसाच राहतो. ‘शून्य’ आणि ‘एक’ या अवस्थांपुरते ते खरेही आहे. पण दोन्ही क्यूबिटांवर, सीनॉटच्या आधी आणि नंतर, हॅडामार्ड गेट लावले तर नियंत्रक आणि लक्ष्य यांची अदलाबदल होते. लक्ष्य ‘वजा’ अवस्थेत, म्हणजे दोन्ही आयाम सारख्या मानाचे पण विरुद्ध चिन्हांचे अशा अवस्थेत, असेल तर बदल नियंत्रकाच्या फेजमध्ये घडतो. या उलट्या परिणामावर डॉइच यांच्या पहिल्या अल्गोरिदमपासून पीटर शोर यांच्या १९९४ च्या अवयव पाडण्याच्या पद्धतीपर्यंत बरेच काही उभे आहे. रूढ चिन्ह तो सुचवत नाही, उलट झाकते.

झेडएक्स कॅल्क्युलसमध्ये सीनॉट म्हणजे नियंत्रक रेषेवर एक हिरवा ठिपका, लक्ष्य रेषेवर एक लाल ठिपका आणि दोघांना जोडणारी साधी रेषा. नियम थोडे आहेत. एकाच रंगाचे जोडलेले ठिपके एकत्र होतात आणि त्यांच्या फेजांची बेरीज होते. ठिपक्याच्या सर्व पायांवर हॅडामार्ड लावला की त्याचा रंग बदलतो. हिरव्या आणि लाल ठिपक्यांमध्ये दोन रेषा असतील तर त्या दोन्ही तुटतात. रेषा कशाही वाकवल्या तरी चालते. कोण कोणाला जोडलेले आहे एवढेच महत्त्वाचे. आता सीनॉटच्या चारही टोकांना हॅडामार्ड लावावा : हिरवा लाल होतो, लाल हिरवा होतो, आणि नियंत्रक व लक्ष्य यांची अदलाबदल समोर दिसते. दोन सीनॉट पाठोपाठ लावावेत : दोन हिरवे ठिपके एकत्र येतात, दोन लाल एकत्र येतात, मधल्या दोन रेषा तुटतात, आणि दोन मोकळ्या आडव्या रेषा उरतात. दोन सीनॉट एकमेकांना रद्द करतात, हे सिद्ध झाले. चार ओळी आणि चार स्तंभांच्या मॅट्रिक्सने हेच करायचे तर ६४ गुणाकार लिहावे लागतात, आणि ते रद्द का होतात हे शेवटीही कळत नाही.

ही रंगीत करामत असून गणिताची जागा ती घेऊ शकत नाही, असे म्हणणाऱ्यांना उत्तर प्रमेयाने दिलेले आहे. मिरियम बॅकेन्स यांनी मर्यादित गेटसंचासाठी सुरुवात केली, आणि २०१८ पर्यंत ऑक्सफर्ड व फ्रान्समधील गटांच्या कामातून संपूर्ण क्यूबिट यांत्रिकीसाठी नियमांची पूर्णता सिद्ध झाली. पूर्णता याचा अर्थ स्पष्ट आहे : क्यूबिटांबद्दलचे जे समीकरण मॅट्रिक्सने सिद्ध होते, ते प्रत्येक समीकरण फक्त आकृत्यांवरच्या नियमांनीही सिद्ध होते. या प्रमेयानंतर ‘खरे गणित’ आणि ‘नुसते चित्र’ असा भेद या क्षेत्रापुरता तरी उरलेला नाही.

खऱ्या कामातले स्थान

तिसऱ्या आक्षेपाचा एक भाग असा की व्यावसायिक काम चित्रांनी होत नाही. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. चुका दुरुस्त करणाऱ्या क्वांटम यंत्रांत काही गेट स्वस्त असतात आणि टी गेट, म्हणजे उभ्या अक्षाभोवतीचा अष्टमांश फेरा, फार महाग. ते चालवण्यासाठी खास अवस्था शुद्ध करून तयार ठेवाव्या लागतात. म्हणून सर्किटमधले टी गेट कमी करणे ही मोठी व्यावहारिक गरज आहे. अलेक्स किसिंजर आणि जॉन व्हॅन दे वेटरिंग यांचे ‘पायझेडएक्स’ हे सॉफ्टवेअर सर्किटची रंगीत आकृती करते, वर दिलेल्या नियमांसारख्या नियमांनी ती आटोपशीर करते आणि पुन्हा सर्किट बनवते. टी गेट घटवण्यात ते उपयुक्त ठरले आहे. पृष्ठभाग संकेत या चूक-दुरुस्तीच्या पद्धतीवर आधारलेल्या यंत्रात क्यूबिटांचे तुकडे जोडून आणि तोडून गणना करण्याची पद्धत आहे, आणि त्या जोड-तोडीची भाषा झेडएक्सच्या ठिपक्यांशी थेट जुळते, हे निएल दे बोद्राप आणि डॉमिनिक हॉर्समन यांनी दाखवले आहे. ही कामे शिकाऊ विद्यार्थ्यांची नाहीत.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत आणि त्या लपवण्याचे कारण नाही. सर्किटवरून आकृती काढणे सोपे असले, तरी कोणत्याही मनमानी आकृतीवरून पुन्हा सर्किट काढणे सर्वसाधारणपणे अत्यंत अवघड आहे, हे सिद्ध झालेले आहे. ‘पायझेडएक्स’ चालते ते नियम वापरताना आकृतीची एक विशिष्ट घडण सांभाळली जाते म्हणून. मर्यादा सिद्ध करता येणे, हेही एखादी पद्धत गणित असल्याचेच लक्षण आहे.

खोटी समज कशाने येते

तिसऱ्या आक्षेपाचा दुसरा भाग, म्हणजे खोटी समज, अधिक गंभीर आहे. गेट ओढून रेषेवर सोडले, आलेख हलले, आणि विद्यार्थ्याला वाटले की समजले, असे घडते. पण मॅट्रिक्सचा गुणाकार यांत्रिकपणे करून बरोबर उत्तर काढणाऱ्यालाही सर्किट काय करते याचा पत्ता नसतो, हेही तितकेच घडते. अर्थ न कळता चिन्हे हलवणे हा दोष दोन्हीकडे सारखाच होऊ शकतो.

खरा धोका आहे तो नियम न सांगता वापरलेल्या चित्रांचा. सर्किटमधली रेषा ही तार नाही, हे अशा नियमांत पहिले. २०२४ मध्ये मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहा क्यूबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण झाली. पुण्याची डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञान प्रयोगशाळा आणि टीसीएस या कामात भागीदार होते. अशा चिपवर क्यूबिट जागचे हलत नाहीत आणि गेट म्हणजे बाहेरून दिलेले सूक्ष्मतरंगांचे स्पंद असतात. रेखाटनातली रेषा त्या क्यूबिटचा काळ दाखवते. दुसरे, कागदावर दोन रेषांची अदलाबदल फुकट होते. शेजारच्याच क्यूबिटांना जोडणाऱ्या चिपवर तिच्यासाठी सहसा तीन सीनॉट खर्चावे लागतात आणि प्रत्येकाबरोबर चूक वाढते. हे नियम सांगितले की तेच रेखाटन प्रामाणिक होते.

चित्रांनी शिकवल्यास काय साधते याची तपासणीही सुरू झाली आहे. ऑक्सफर्डमधील एका गटाने २०२३ मध्ये शालेय वयाच्या विद्यार्थ्यांना फक्त आकृत्यांच्या आधाराने क्वांटम संगणन शिकवले आणि नंतर परीक्षा घेतली. बहुसंख्य विद्यार्थी उत्तीर्ण झाले. एका प्रयोगाने वाद मिटत नाही. पण रेषीय बीजगणिताची पूर्वअट अटळ आहे, हा दावा आता पुराव्याशिवाय करता येणार नाही.

अभ्यासक्रमाने काय करावे

दृश्य साधने कशी शिकवावीत हा प्रश्न भारतात तातडीचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली, आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आखला आहे. हजारो विद्यार्थी हा विषय नव्याने शिकणार आहेत, आणि त्यांतले अनेक संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या वाटेने येतील. त्यांना दृश्य साधने पहिल्या दिवसापासून द्यावीत. मात्र प्रत्येक साधनाबरोबर तीन गोष्टी शिकवणे बंधनकारक मानावे : हे चित्र काय राखते, काय टाकते, आणि त्याच्यावर कोणती कृती वैध आहे. ब्लॉख गोल एका क्यूबिटची पूर्ण अवस्था राखतो, क्यूबिटांमधले संबंध टाकतो, आणि त्यावर फिरवणे वैध आहे. संभाव्यतांचा आलेख मापनाचे निकाल राखतो, फेज टाकतो, आणि त्यावरून पुढच्या गेटचा परिणाम काढणे अवैध आहे. झेडएक्सची आकृती क्रिया राखते, एकूण गुणकाकडे सहसा दुर्लक्ष करते, आणि तिच्यावर ठरलेले नियमच वैध आहेत. ज्या चित्राबद्दल या तीन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, ते जाहिरातीत राहू द्यावे, वर्गात आणू नये.

परीक्षाही त्याप्रमाणे बदलली पाहिजे. सर्किट काढा, एवढेच विचारून भागणार नाही. चार बेल अवस्थांना ब्लॉख गोल वेगळे का ओळखू शकत नाही, हॅडामार्डने सीनॉट का उलटतो, ग्रोव्हरच्या पहिल्या पायरीनंतर संभाव्यता का बदलत नाहीत, असे प्रश्न विचारावेत आणि उत्तर चित्राने किंवा मॅट्रिक्सने, विद्यार्थ्याला हव्या त्या मार्गाने देऊ द्यावे. दोन्ही मार्गांची उत्तरे एकाच काटेकोरपणे तपासता येतात, आणि पूर्णतेच्या प्रमेयाने दोन्ही मार्ग एकाच ठिकाणी पोहोचतात. तेव्हा एकाला प्रवेशद्वार आणि दुसऱ्याला कुबडी म्हणण्यास गणितात आधार नाही.